आमच्या साडूंचे बोट

या जगात जे जे स्वच्छ दिसते, त्यावर आमच्या साडूंचा काडीचाही विश्वास नव्हता. बंगळुरातल्या एका छोट्या खासगी डेअरीत ते स्वच्छतेचे प्रमुख आणि मी पाळीप्रमुख. पण त्यांची तपासणी डेअरीच्या फाटकापाशी थांबत नसे. एसटीडी बूथमध्ये ते फोन इतका वेळ पुसत की मागची माणसे दुसरा बूथ शोधत. बनशंकरीतल्या एका लग्नात वरमाय नमस्कार घ्यायला उभी राहिली, तेव्हा हे गृहस्थ मठ्ठ्याच्या पिंपाच्या तोटीत करंगळी घालून उभे होते. "स्वल्प बुळबुळीत आहे," असा त्यांनी निकाल दिला, आणि त्या पंगतीत मठ्ठ्याला कोणी शिवले नाही.

या बुळबुळीशी त्यांचे जन्माचे वैर. तरी तिच्याविषयी ते आदराने बोलत. जंतू एकेकटे असतात तोवर बिचारे असतात, ते सांगत. पण एकमेकांना धरून त्यांनी चिकट घर बांधले की वरून कॉस्टिक सोडा वाहून जातो आणि आत त्यांचा संसार सुखाने चालतो. म्हणून पाइपांच्या जोडांतली रबरी गॅस्केट रोज काढून हाताने घासायची आणि मगच नोंदवहीत खूण करायची, असा त्यांचा दंडक होता.

एका सकाळी दुधाची गाडी खोळंबली म्हणून जोड घासणाऱ्या मुनियप्पाला मी जोड उघडू दिला नाही. खूण मात्र केली. साडूंनी जोड उघडला, बोट फिरवले आणि सारे दूध अडवले. मॅनेजरांनी मुनियप्पाला तिथेच कामावरून काढायचे ठरवले. तो माझ्याकडे पाहत होता, मी जमिनीकडे.

साडूंनी बोट अजून पुसले नव्हते. ते हळूच म्हणाले, "जोड घासला नाही, हे या बोटाला कळतं. का घासला नाही, ते त्याला कसं कळणार, साडू?"

"मी घासू दिला नाही," मी म्हणालो.

मला लेखी ताकीद मिळाली. मुनियप्पा राहिला, दूध फाटकाच्या आतच होते. इतका मोकळा श्वास मी क्वचितच घेतला असेन. साडू नुसते "सरी", म्हणजे कानडीत "ठीक", म्हणाले आणि ब्रश माझ्या हातात ठेवला.

त्यानंतर आमच्या घरी त्यांनी कशावरही बोट फिरवले नाही. आता ते म्हैसूरला लेकीकडे असतात. पाण्याचे पिंप घासून झाले की मी आतून बोट फिरवतो, आणि ते बोट कोणाला तरी दाखवावेसे वाटते.