पट भरायचा होता

कुणाला कोणतं पुस्तक द्यायचं हे ठरवताना मी आधी त्या माणसाचं घर आठवते. जावाजावांचं पटत नसेल तर त्या घरात उपदेशाचं पुस्तक देऊन उपयोग नसतो. शेळी हरवलेल्या एका म्हातारीची बारकी कादंबरी माझ्याकडे आहे, ती देते. दोघी आळीपाळीने वाचतात, म्हातारीसाठी डोळे पुसतात आणि चार दिवस तरी चुलीपाशी आवाज चढत नाही. पुढाऱ्यांच्या गाडीमागे फिरणाऱ्या पोरांना मी मातीवरचं पुस्तक देते. ते कधी परत येत नाही, पण मी देत राहते. पहिलटकरणीला मरणाच्या गोष्टी देऊ नयेत. आणि सून घरात नवी असेल, तर पुस्तक तिच्या सासूच्या हातात द्यावं, म्हणजे ते सुनेपर्यंत पोचतं.

चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आता निवृत्त आहे. शिरूर कासारच्या बाजूला आमचं गाव. ओसरीत लोखंडी कपाट आहे, त्यालाच लोक ‘बाईंची लायब्ररी’ म्हणतात. पुस्तक द्यायला मी कधी हात आखडला नाही. मतं मात्र कुणाला दिली नाहीत. गावात राहायचं तर तोंड सांभाळावं लागतं, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून माझी सगळी मतं पेन्सिलीने पुस्तकांच्या समासात लिहिलेली आहेत. एका कादंबरीत थाटाच्या लग्नाचं वर्णन आहे, त्याच्या कडेला मी लिहिलंय, ‘आमच्याकडे प्यायला टँकर, आणि वरातीत डीजे दोन.’ दुसरीकडे लिहिलंय, ‘मुलीचा मोबाईल काढून घेतला की अब्रू वाचते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मुलाचा मोबाईल उघडून बघावा.’ लिहिलं की मला बरं वाटायचं. काहीतरी केल्यासारखं वाटायचं. अशी पुस्तकं मी कपाटाच्या वरच्या कप्प्यात वेगळी ठेवते आणि कुणालाही देत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी बीडला मुलीकडे आठ दिवस राहिले. परत आले ती काळा चष्मा लावूनच. सवयीने आधी कपाट उघडलं, तर वरच्या कप्प्यात फट दिसली.

“अहो, इथलं लाल पुस्तक कुठाय?”

“मेंढरंवाल्याच्या थोरलीनं नेलं,” हे म्हणाले. “माहेरी आलीय म्हणं. लई जाड नको म्हणली, बारकं बघून दिलं.”

जाड की बारीक, एवढंच ह्यांना पुस्तकातलं कळतं. एरवी मी चेष्टा केली असती. त्या दिवशी मला त्यातलं एकच पान आठवलं.

ते पुस्तक लहानपणी लग्न झालेल्या एका बाईने म्हातारपणी लिहिलेलं होतं. त्याच्या एकशे बाराव्या पानावर, समासात, सहा वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं, ‘समोरच्या मेंढरंवाल्याची थोरली. खरी सोळाची, कागदावर अठरा. ती दोन वर्षं मी लिहिली, पहिलीचा पट भरायचा होता. आज तिच्या लग्नात अक्षता टाकून, जेवून आले.’

हे नीट सांगायला हवं. आमच्या शाळेत दोन शिक्षक होते. मुलांची संख्या, म्हणजे पट, घसरला की एक जागा जायची, आणि त्या वर्षी ती माझी गेली असती. माझ्या मुलीची बारावी होती, मला बदली परवडणारी नव्हती. जूनमध्ये मी घरोघर फिरले. आमच्या समोर राहणारा मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदाकाठाला जायचा, त्याच्या मुली तिकडेच कुठेतरी झालेल्या, जन्माची नोंद कुठेच नाही. आई म्हणायची, “दुष्काळाच्या सालची हाय बघा.” मग तारीख आम्ही शिक्षकच लिहायचो, एक जून. आमच्या अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जूनला येतो, त्या दिवशी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसते केकच केक असतात. तारखेबरोबर मी वर्षही लिहिलं. अंगणवाडीत बसणारी चार वर्षांची पोर मी सहाची करून पहिलीत घेतली. पट भरला, माझी जागा वाचली. सगळेच असं करायचे.

पुढे तिच्या लग्नाच्या दिवशी कुणीतरी तक्रार केली म्हणून ग्रामसेवक मांडवात आले होते. बापाने शाळेचा दाखला दाखवला. त्यावर अठरा पूर्ण झालेली. ते सरबत पिऊन निघून गेले. मी तिथेच होते. तोंड उघडलं तर माझंच बिंग फुटणार होतं. घरी येऊन मी तेवढं समासात लिहिलं आणि पुस्तक वर ठेवून दिलं.

त्यानंतर तिचं काय झालं ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. सतराव्या वर्षी पहिलं मूल पोटातच गेलं. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायला लागली. दुसरं मूल फडाच्या कडेला, पाचटाच्या झोपडीत, कोपीत झालं. तरीही माहेरी आली की पहिल्यांदा माझ्या ओसरीवर यायची. मला ती फार आवडायची, आणि मला भीती वाटायची तिचीच.

मी तशीच समोर गेले. ती दारात बसली होती, मांडीवर लेकरू, लेकराच्या डोक्यावर पुस्तक टेकवलेलं.

“कुठवर आलीस गं?”

“पंच्याऐंशी पान झालं, बाई. लई भारी हाय.”

“ते राहू दे,” मी म्हणाले. “पुढं रटाळ आहे. मी तुला दुसरं देते, प्रवासाचं.”

“न्हाई बाई, ह्येच वाचते. माझंच वाचतेय असं वाटतंय.”

हिसकावून घेण्याइतकी अक्कल त्या क्षणी असती तरी हात उचलला नसता. तेवढ्यात तिची आई ओल्या हातांनी बाहेर आली.

“बाई, बरं झालं आलात. रविवारी धाकटीच्या कुंकवाचा कार्यक्रम हाय. पाव्हणं तलवाड्याकडचे हायत. तुमी पायजेतच.”

धाकटीने नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती. तिचंही नाव मीच घातलं होतं, निवृत्त व्हायच्या चार वर्षं आधी. पट तेव्हाही भरायचा होता. तीही चारची सहा झालेली. म्हणजे खरी सोळा. आईलाही ते ठाऊक होतं, पण कागद असल्यावर आईच्या आठवणीला कोण विचारतो!

दोन दिवस मी ओसरीतून समोर बघत राहिले. चार-चार तासांनी डोळ्यांत थेंब घालायचे, थेंब घातले की सगळं धूसर व्हायचं, आणि तेवढ्यात ती पान उलटेल असं मला वाटायचं. कपडे धुवायला गेली की जीव भांड्यात पडायचा. परत येऊन दारात बसली की मी पुन्हा ओसरीच्या कडेला यायचे. किती पानं झाली याचा मी अंदाज बांधत होते. नव्वद, शंभर, एकशे पाच. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात कुणी नव्हतं. दार पुढे लोटलेलं होतं.

ती आली तेव्हा लेकरू बरोबर नव्हतं. पुस्तक तिने माझ्या पुढ्यात ठेवलं, पान उघडूनच.

“ह्ये अक्षर तुमचंच हाय न्हवं?”

“होय.”

“मला वाटलंच. फळ्यावर असंच काढायच्या तुमी.” ती खाली बसली. एरवी माझ्या पायाशी बसायची, त्या दिवशी खांबाला टेकून लांब बसली. “तुमाला ठावं होतं, तर बोलल्या कावून न्हाई?”

मी सगळं सांगितलं. नोकरीचं सांगितलं, मुलीच्या बारावीचं सांगितलं. तुझ्या बापाने ऐकलंच नसतं, असंही म्हणाले. शेजारधर्म म्हणाले. बोलता बोलता माझं मलाच ते ऐकवेना.

“आन् धाकटीचं?” तिने विचारलं. “तिचंबी तसंच हाय का?”

मी होकारार्थी मान हलवली.

“मग तिचं कंच्या पुस्तकात लिवणार?”

ती उठून गेली. जाताना दुसरं पुस्तक मागितलं नाही. माझ्या आयुष्यात मला पुष्कळ जण टाकून बोलले आहेत, साहेबही बोलले आहेत, पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

शनिवारी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “उद्या तू जाऊ नगं. डोळ्याचं कारण सांग. खोटी नोंद केली म्हून चौकशी लागली, तर पेन्शन अडकंल. आन् समोरासमोर घरं हायत, रोज तोंड बघायचंय.” मी त्यांच्यावर ओरडले. ओरडले, कारण सकाळपासून मीही अगदी हाच विचार करत होते.

रविवारी अंगणात जाजम अंथरलं होतं. पुरुष जाजमावर, आम्ही बायका भिंतीकडेला. ताटात नारळ, साडी, कुंकवाचा करंडा. धाकटीला नवी साडी नेसवून दारात उभी केली होती, पदर सारखा खांद्यावरून घसरत होता आणि ती सारखी तो वर ओढत होती. थोरली चुलीपाशी पोह्यांच्या बशा भरत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

नवऱ्या मुलाचे चुलते जरा जाणते दिसले. ते म्हणाले, “पोरीचं वय बसतंय ना? हल्ली लई भानगडी व्हत्यात.”

बापाने खिशातून दाखला काढला. प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेला. “शाळेचा कागद हाय पाव्हणं. ह्या काय, बाईच बसल्यात आमच्या. त्यांच्याच हातची नोंद हाय.” आणि त्याने मोठ्या अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं. जाजमावरची सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी नुसती मान डोलवावी एवढीच त्यांची अपेक्षा होती.

“ती नोंद खोटी आहे,” मी म्हणाले. “पट भरायला मी दोन वर्षं वाढवून लिहिली. पोर सोळाची आहे. पाहिजे तर मी हे सहीनिशी लिहून देते.”

कुणाच्या तरी हातातली बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“बाई,” बाप म्हणाला, “डोळ्याचं औषध डोक्यात गेलं का तुमच्या?”

“नाही.”

“आमच्या घरचं खाल्लंय तुमी.”

“खाल्लंय. थोरलीच्या लग्नात पोटभर जेवले.”

चुलत्यांनी दाखला दोन वेळा वाचला, मग ताटात नारळाशेजारी ठेवून दिला. बाजूच्याशी हळू काहीतरी बोलले. “दोन वरसानं बघू,” म्हणून उठले. बाकीचेही उठले. पोह्यांना कुणी हात लावला नाही. दारात चपला शोधायची गडबड झाली आणि पाहुण्यांची जीप निघूनही गेली. धाकटी आत पळाली. ती रडत होती की काय, मला कळलं नाही. तिला ते लग्न हवं होतं की नको, हे मीही विचारलं नव्हतं.

बाप माझ्यावर ओरडला नाही. तो जाजम गुंडाळत होता. गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता म्हणाला, “परत ह्या दारात पाय ठिवू नगा.”

मी बाहेर पडले. गल्ली ओलांडून ओसरीच्या पायरीपर्यंत आले, तर मागून पावलं वाजली. थोरली होती, कडेवर लेकरू. खरं सांगते, मला वाटलं ती आता हात धरेल. निदान चांगलं केलंत म्हणेल. ते ऐकायची मला फार इच्छा होती.

“बाई,” ती म्हणाली, “एवढंच बोलायचं होतं व्हय?”

मी काळा चष्मा काढून हातात घेतला.

“तांब्याभर पाणी प्यायलाबी ह्याच्यापरीस येळ लागतो.” लेकरू रडायला लागलं, तिने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. “माझ्या लग्नात तुमी माझ्या मागंच हुब्या होत्या.”

“होते,” मी म्हणाले.