चार बोटांवरची कलमं

नत्थुजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जमिनीवर उकिडवे बसून एकेका रोपापुढे सरकत होते आणि माझ्याकडे मान वर करून बघायची त्यांना काही गरज वाटली नव्हती. मी नवी कोरी कृषी सहायक, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पदवी ताजी, गळ्यात ओळखपत्र. मॅडम आल्या म्हटल्यावर माणूस उठून उभा राहील अशी माझी समजूत. ते म्हणाले, "उजेड सोडा जरा." मी त्यांच्या उजेडात उभी होते.

परतवाड्याच्या रस्त्यावर ओमप्रकाश शेठची रोपवाटिका होती. तिथे नत्थुजी संत्र्याची कलमं बांधत. काम सांगायला सोपं आहे. जंबेरी हे रानटी, आंबट लिंबू. त्याचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की सालीला चाकूने चीर द्यायची. चांगल्या संत्र्याच्या काडीवरून एक डोळा, म्हणजे कोंब, सालीसकट काढून त्या चिरेत सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. मूळ राहतं जंबेरीचं, झाड होतं संत्र्याचं. नत्थुजी दिवसाला पाचशे डोळे बसवत आणि त्यातले साडेचारशेच्या वर लागत. "नत्थुजीच्या हातचं हाय" एवढं सांगितलं की घेणारा पुढे काही विचारत नसे. मुलीच्या स्थळाचीसुद्धा लोक याहून जास्त चौकशी करतात.

त्यांचा एक नियम होता. डोळा जमिनीपासून वीतभर उंच बसवायचा. जंबेरीचं खोड ओल बऱ्यापैकी सोसतं, संत्र्याचं सोसत नाही. सांधा मातीजवळ आला की पावसाळ्यात त्याला डिंक्या लागतो. खोडातून डिंक गळतो, साल कुजते आणि झाड उभ्या उभ्या पिवळं पडतं. म्हणून प्रत्येक रोपाशी नत्थुजींचा अंगठा मातीला टेकायचा, करंगळी वर जायची आणि ती जिथे पोचेल तिथे चाकू लागायचा. मोजपट्टी, टेप वगैरे त्यांच्याकडे काही नव्हतं.

आमच्या या धंद्यात एक वाईट गोष्ट आहे. भाकर करपली तर लगेच वास येतो. कलम चुकलं तर पाच-सात वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. झाड वाढतं, पानं हिरवीगार असतात, लोक कौतुक करतात.

२०१५ च्या हिवाळ्यात रोपवाटिकेतली रोपं बारीक राहिली होती. पाऊस कमी झाला होता. वीतभर उंचीवर खोड पुरेसं जाड नव्हतं, बुडाशी मात्र होतं. शेठ म्हणाले, खालीच बांधा. नत्थुजी म्हणाले, "शेठ, एक सालभर थांबा. पुढच्या थंडीत बांधू." शेठ म्हणाले, गिऱ्हाईक थांबत नसतं. मग नत्थुजींनी त्या वर्षीची सगळी रोपं जमिनीपासून चार बोटांवर बांधली. पोटापाण्याची अडचण होती वगैरे ते कधी बोलले नाहीत. मला फक्त एवढंच सांगितलं, "पयल्या दिवशी हात अडे. तिसऱ्या दिवशी अडे नाही."

हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा कळलं असतं तर मी काय केलं असतं, हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पुढच्या पावसाळ्यात नत्थुजींची धाकटी बहीण इंदूबाई आणि तिचे यजमान उद्धवराव ट्रॅक्टर घेऊन कलमं न्यायला आले. बोरखेडीत त्यांचं रान, दोनशे ऐंशी खड्डे खणून तयार. भावाच्या हातची कलमं म्हणून इंदूबाई गावभर सांगून आली होती. नत्थुजींना नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं की संध्याकाळपर्यंत तालुकाभर झालं असतं. त्यांनी स्वतःच्या हातांनी कलमं ट्रॅक्टरमध्ये ठेवली. "खोल नका लावजा," एवढं बोलले.

उद्धवराव मोठे सरळ गृहस्थ. आम्ही वाटतो ती माहितीपत्रकं लोक दुकानदाराला रद्दी म्हणून देतात. त्या अख्ख्या गावात ती वाचणारे उद्धवराव एकटे. पत्रकात लिहिल्याप्रमाणे त्यांनी प्रत्येक झाडाभोवती दोन आळी केली, एकात एक, म्हणजे पाणी बाहेरच्या आळ्यात राहावं आणि खोडाला लागू नये. दोनशे ऐंशी झाडांना, स्वतःच्या कुदळीने. पाचव्या वर्षी बाग फळांनी अशी लदबदली की इंदूबाईने पहिली टोपली माझ्या ऑफिसात आणून ठेवली होती.

दोन पावसाळे सरले आणि २०२२ चा आला. जुलैभर झड लागली होती. ऑगस्टमध्ये उद्धवरावांचा फोन आला की चाळीस झाडं पिवळी पडली, खोडातून डिंक येतो आहे. मी भर दुपारी गेले. त्या दिवशी आधीच तीन गावं झाली होती. बांधावर उभी राहिले, डिंक पाहिला आणि विचारलं, "पाणी किती देता?" त्यांनी सांगितलं. मी म्हणाले, "जास्त होतंय." आणि निघाले. बांधावर चार-पाच माणसं होती, खुशालराव होते. खुशालरावांचा शब्द त्या गावात शेवटचा.

वाकून एका झाडाच्या बुडाशी चढलेली माती हाताने उकरली असती तर सांधा किती खाली आहे ते दिसलं असतं. एका मिनिटाचं काम. मी वाकले नाही. भूक लागली होती की चप्पल चिखलात घालायची नव्हती, आता आठवत नाही. आठवलं तरी उपयोग काय.

माझं ते एक वाक्य गावात फिरलं. पाण्यानं बाग मारली, खुद्द मॅडम सांगून गेल्या. लोक उद्धवरावांना पारावर अडवून विचारत, "उद्धवराव, आमच्या हिरीत पानी उरलं हाय, पायजे काय?" पहिल्यांदा ते हसले. मग पारावर जाणं सोडलं. मग शेतात जायलाही नाल्याच्या बाजूने वाट काढू लागले. घरी इंदूबाई म्हणे, "म्या किती खेप म्हनलं, मोटार बंद करा, मोटार बंद करा." ते ऐकून घेत. आळी दुहेरी होती, पाणी खोडाला लागत नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण शिकलेली बाई बोलली म्हणजे आपलंच कुठे तरी चुकलं असेल, असं त्यांनी मनाशी धरलं. स्वतःवरचा भरवसा उठला की माणसाचं बोलणं कमी होतं. उद्धवरावांचं तसं झालं.

नत्थुजी दर रविवारी बोरखेडीला येऊ लागले. मोरचूद आणि चुन्याचा मलम कालवायचा, कुजलेली साल चाकूने खरवडायची आणि खोडाला तो मलम फासायचा. उद्धवराव बादली धरून मागे असत. एका रविवारी मी तिथे होते. उद्धवराव म्हणाले, "नत्थुभाऊ, तुमी कलमं सोन्यासारखी देल्ली. म्या वाया घातली. तुमच्या हाताले बट्टा लावला म्या."

नत्थुजी चाकू पुसत राहिले. मग म्हणाले, "जाऊ द्या, जवाई."

मला वाटलं, किती थोर मनाचा माणूस. खरंच वाटलं, आणि मी ते इंदूबाईला बोलूनही दाखवलं.

मलमाने काही झालं नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर बागेत एकोणतीस झाडं हिरवी उरली. उद्धवरावांनी जेसीबी बोलावून सगळी बाग काढली आणि ती पडेपर्यंत बांधावर उभे राहिले. पौषात एका सकाळी अंगणात हातपाय धुताना छातीत कळ आली आणि गेले. अचलपूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय अठ्ठावन्न.

त्यानंतर पाचव्या दिवशी नत्थुजी एसटीने माझ्या ऑफिसात आले. हातात पोतं. त्यातून त्यांनी उद्धवरावांच्या बागेतला एक बुंधा काढला आणि टेबलावर ठेवला, तशी माती माझ्या कागदांवर सांडली. "पाहा," म्हणाले. साल जिथे बदलते तिथे त्यांनी बोट ठेवलं. मुळापासून चार बोटं. मग त्यांनी सगळं सांगितलं, शेठपासून ट्रॅक्टरपर्यंत.

मी त्यांच्यावर ओरडले. सहा वर्षं झाडं वाढत होती, दीड वर्ष मरत होती, तुम्ही त्यांच्या शेजारी बसून साल खरवडत होतात आणि तोंड उघडलं नाहीत? ते म्हणाले, "दर रविवारी सांगाचं म्हनून येत होतो." मला रडू आलं. त्यांचा राग आला होता म्हणून, आणि त्या बुंध्याशी मी स्वतः कधी वाकले नव्हते म्हणूनही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बोरखेडीला गेलो. सुतकाचं घर, शेजारणी स्वयंपाक करत होत्या. इंदूबाई भिंतीला टेकून बसली होती. नत्थुजींनी तिला सांगितलं. मध्ये एकदाही थांबले नाहीत. मीही माझं सांगितलं, की मी न बघता बोलले होते. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "हे मले कायले सांगून राह्यला? ज्याइले सांगाचं होतं ते गेले."

नत्थुजींनी डोकं खाली घातलं.

"आता एक कर. तेरवीले सारं गाव येईन. तथी सांग. समद्याइसमोर सांग का पान्यानं नाही मेली बाग. मले बाकी काई नाही पायजे तुयाकून."

नवऱ्याच्या नावाला लागलेला तो डाग पुसला जावा, एवढंच तिचं मागणं. ते मागणं रास्त होतं आणि मला वाटलं, सोपंही.

तेरवीला दोनशे माणूस होतं. पहिली पंगत उठली, दुसरी बसायची होती, तेवढ्यात नत्थुजी मांडवात उभे राहिले. बुंधा त्यांनी बरोबर आणला होता. एकेक शब्द नीट बोलले. कलमं म्या खाली बांधली. मले मालूम होतं. जवाईनं पानी बरोबर देल्लं. बाग म्या मारली.

खुशालराव उठले, नत्थुजींच्या जवळ आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा, नत्थुजी. गेलेल्या मानसाचा दोष आपल्या डोक्शावर घ्याले लय मोठं मन लागते."

"मोठं मन नाही. खरं सांगून राह्यलो मी," नत्थुजी म्हणाले.

"माह्या बागेत तुमचीच कलमं हायेत," मागून कुणी तरी म्हणालं. "इस साल झाले. एक झाड मेलं नाही."

मी उभी राहिले. म्हणाले, ते खरं बोलतायत, मी बुंधा तपासलाय, सांधा मातीला लागून आहे. खुशालराव माझ्याकडे वळले, अगदी मायेने.

"मॅडम, पान्यानं मेली हे तुमीच तं सांगतलं होतं. आमी होतो ना बांधावर."

"मी चुकले होते. मी नीट पाहिलंच नव्हतं."

"राहू द्या आता. घरात दुःख हाय, म्हनून तुमी बी बोलून राह्यल्या. समजते आमाले."

नत्थुजींनी बुंधा वर धरला. दोघा-तिघांनी त्याच्याकडे पाहिलं, पण त्यांना ते मेलेल्या झाडाचं लाकूड दिसलं. पत्रावळी घेऊन वाढणारे आले, दुसऱ्या पंगतीला जागा हवी होती. नत्थुजींनी बुंधा खाली ठेवला तो कुणी तरी पायाने बाजूला सारला. बुंदी फिरली, वांग्याची भाजी फिरली. जाताना प्रत्येक माणूस नत्थुजींपाशी थांबत होता. एक म्हातारे तर त्यांच्या पाया पडायला वाकले. असा साळा नशिबानं भेटते, असं मी त्या दुपारी किमान दहा तोंडांनी ऐकलं. आणि उद्धवरावांबद्दल म्हणत होते, मानूस चांगला होता बिचारा, पान्याचं तेवढं समजलं नाही त्याले.

गर्दी सरल्यावर नत्थुजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. इंदूबाई आत पातेली एकात एक घालत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"इंदू, म्या सांगतलं," ते म्हणाले.

"सांगतलं तुनं. आयकलं म्या."

"कोनी मानलं नाही."

"तुयावर भरोसा हाय ना लोकाइचा. कसं मानतीन?" तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "त्याइच्यावर कोनाचा नोता. त्याइनं मले दाखोलं होतं, हात धरून नेऊन दाखोलं होतं का पाहा, खोडाले पानी लागत नाही. म्या म्हनलं, मॅडम काय खोटं सांगते काय." तिने ते पातेलं पुन्हा उचललं. "माहा बी नोता भरोसा, भाऊ."

नत्थुजी दाराशीच खाली बसले. इंदूबाई उरलेलं वरण शेजारच्यांच्या भांड्यात ओतू लागली.