हैदरची बोटं

कडूबांचा कुणावरही विश्वास नव्हता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते चितेगावच्या एका कारखान्याच्या गेटवर पहारा करत. तिथं ते साहेबाच्या गाडीचीही डिकी उघडायला लावत. घरी बायकोनं, अनसूयाबाईंनी, शिरा केला तर हिला काय मागायचंय, हा विचार आधी मनात येई. अलीकडे तर सगळं जगच त्यांच्या पाठीमागं कुजबुजायला लागलं होतं. दुकानदार तोंडातल्या तोंडात भाव सांगे, शेजारी नुसते ओठ हलवून हसत. काहीतरी शिजतंय, हे कडूबांनी केव्हाच ताडलं होतं.

दर शनिवारी संध्याकाळी वसाहतीच्या सभागृहात माजी सैनिक आणि त्यांच्या घरची माणसं तंबोला खेळत. आकडे पुकारायचं काम हैदरचं. दोघांनी उमेदीची वर्षं एकाच तोफेवर काढलेली. कडूबांनी ज्याच्यावर कधी संशय घेतला नाही, असा हा जगात एकच माणूस उरला होता.

आता त्याच्याही नावानं आंघोळ करायची वेळ आली. आकडा काढला की हैदर छातीपाशी बोटं दाखवायचा. आधी चार, मग सात. तोंड नुसतं हलवल्यासारखं करायचा. आणि कडूबांच्याच टेबलावर, अनसूयाबाईंच्या शेजारी बसलेली त्याची सून माहनूर झटकन सत्तेचाळीस खोडायची! तोफेच्या दणक्यात आवाज पोचत नसे तेव्हा कडूबा आणि हैदर असंच बोटांनी बोलत. ती खूण यानं सुनेला शिकवली? मागच्या शनिवारी फुल हाऊस तिनंच नेलं. बक्षीस काय, तर स्टीलचा डबा. डबा गेला खड्ड्यात, पण हैदरनं बेइमानी करावी हे कडूबांना फार लागलं.

चोर मुद्देमालासकट धरायचा, म्हणून त्यांनी आठवडाभर दम धरला. या शनिवारी हैदरनं सहा बोटं दाखवली, मग तीन. माहनूरची पेन्सिल हलली आणि कडूबा टेबलावर हात आपटून उभे राहिले.

"थांब रे हैदर! पुकारायलास का खुणा करायलास? त्रेसष्ट तोंडातून काढलाच नाय तू. सुनेच्या डब्यासाठी इमान इकलंस व्हय?"

हैदरचा चेहरा पडला. माहनूर उठली आणि कडूबांच्या अगदी कानाशी वाकली.

"चाचा, त्रेसष्ट सगळ्यांनी ऐकला. अब्बा बोटं तुमच्यासाठी दाखवतात. तुम्हाला ऐकू येत नाही ना, म्हणून."

कडूबा बायकोकडं वळले. "मग मला कुणी सांगितलं का नाय?"

"सांगितलं की हो! लई बारी सांगितलं," अनसूयाबाई ओरडून म्हणाल्या. "तुम्ही नुसती मान हलवता."

कडूबांनी सभागृहावर नजर फिरवली. लोक हसत होते की हळहळत होते, त्यांना काही कळेना. समोर हैदरचे ओठ हलत होते. ज्या माणसाला आपण चारचौघांत चोर म्हटलं, तो आता काय म्हणतोय, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"काय म्हणायला गं तो?" त्यांनी विचारलं.

अनसूयाबाईंनी क्षणभर हैदरकडं पाहिलं. मग नवऱ्याच्या कानाला तोंड लावून म्हणाल्या, "बस म्हणतेत. पुढचा आकडा काढायचाय."

तो खरंच तेच म्हणाला की आणखी काही, हे तपासायला कडूबांपाशी काहीच साधन नव्हतं. ते खाली बसले.