चावीवाल्यांचं मानपत्र

कोल्हापुरात सत्काराला फार मोठं निमित्त लागत नाही. निवृत्ती, एकसष्टी, नातवाचा दहावीचा निकाल, काहीही चालतं. फेटा, शाल, नारळ आणि फ्रेममधलं मानपत्र ठरलेलं. त्यातलं मानपत्र गेली बारा वर्षं मी लिहिते. मंगळवार पेठेत, घरातल्याच टेबलावर. लग्नपत्रिका, दुकानांची पत्रकं, संस्थांचे अहवाल, जे येईल ते लिहून देते, पण मानपत्रात आपला हातखंडा. निदान मला तसं वाटायचं.

खरं तर मला लेखिका व्हायचं होतं. मोठी, गंभीर. दिवाळी अंकांना मी कथा पाठवायची. त्यात पहिल्या पानावर कुणीतरी खिडकीतून बाहेर बघायचं आणि शेवटच्या पानावर मरायचं. त्या साभार परत यायच्या, नाहीतर यायच्याही नाहीत. विनोद हा लिहायचा प्रकार आहे असं माझ्या डोक्यातच नव्हतं. जेवताना मी आईला दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायची, ती ठसका लागेपर्यंत हसायची. ताटं उचलली की मी टेबलाशी जाऊन तोंड लांब करून लिहायला बसायची. कागदासमोर बसायचं ते इस्त्रीची साडी नेसूनच, असा काहीतरी माझा समज होता.

मानपत्राचा एक साचा तयार होता. ‘आपण आम्हासाठी दीपस्तंभ आहात’पासून ‘आपणास उदंड आयुष्य लाभो’पर्यंत. नाव, खातं, वर्षं बदलली की काम झालं. समारंभात ते वाचलं जायचं, टाळ्या पडायच्या. बारा वर्षांत एकाची तक्रार नाही.

तक्रार आली ती एका सकाळी, काखेत फ्रेम घेऊन. आमच्या पेठेत नळांना पाणी सोडणारे चावीवाले दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, त्यांच्या या पत्नी. उंबऱ्यातच उभ्या राहून त्यांनी फ्रेम माझ्या हातात दिली आणि मोबाइल पुढं केला. त्यावर दुसऱ्या एका फ्रेमचा फोटो होता.

“ह्यो आमच्या व्याह्यांच्या भितीवरचा. कागलला. काल लेकीकडं गेलतो. व्याही मास्तर हुते शाळंत. बगा वाचून.”

वाचायची गरज नव्हती. दोन्ही मानपत्रं माझीच. मास्तरांचं आधी लिहिलेलं, चावीवाल्यांचं नंतर, आणि मजकूर शब्दन्‌शब्द तोच. कहर म्हणजे मास्तरांचं एक वाक्य काढायचं राहून गेलं होतं. जन्मभर रस्त्यात ओणवं होऊन लोखंडी चावी फिरवणाऱ्या माणसाला मी ‘विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्या घडवणारे’ म्हटलं होतं.

“व्याही पोट धरून हसलं. आमच्या मालकांच्या घशाखाली चहा उतरंना. ह्यात आमचं मालक कुठं हायत, दावा मला.”

शरमेनं मान खाली गेली. पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. हे मानपत्र भर सभेत वाचलं गेलं होतं. सगळी पेठ बसली होती. पाणी सोडणाऱ्या माणसाला मास्तर केलेलं एकालाही खटकलं नव्हतं, खुद्द त्यांनाही नाही. उलट टाळ्या पडल्या होत्या. म्हणजे बारा वर्षं मी लिहिलेला एक शब्दही कुणी ऐकला नव्हता!

“मावशी, दुसरं लिहून देते.”

“देनारच की! येत्या रविवारी त्यांची एकसष्टी हाय. आणि ह्या बारीला तुमीच वाचायचं, व्याह्यांच्या म्होरं.”

मग मी बारा वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. माणूस कसा आहे? मावशी आत आल्या, बसल्या, आणि आमच्याकडं जेवूनच उठल्या. पेठेत लग्नाची तारीख धरायची तर लोक भटजींच्या आधी यांना विचारायचे, त्या दिवशी पाणी आहे का म्हणून. हे माणसांना नावानं ओळखतच नाहीत, नळानं ओळखतात. “गळक्या नळाची सून बाळंत झाली” असं घरी येऊन सांगतात. वशिला केला असं कुणी म्हणू नये म्हणून स्वतःच्या गल्लीला सगळ्यात शेवटी पाणी सोडायचे, आणि मावशी घागर घेऊन शेजारच्या गल्लीत जायच्या, चावीवाल्याची बायको असून! सख्ख्या लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे गायब. कुठं, तर पाणी बंद करायला. मावशी आल्या होत्या तणतणत, पण सांगता सांगता त्यांनाच हसू आवरेना. आई तर डोळे पुसत होती.

त्या दुपारी मी टेबलाशी बसले आणि आईला सांगावं तसं लिहीत गेले. एका बैठकीत, खाडाखोड न करता. पूर्वी एकेक वाक्य ओढून आणायला लागायचं, आता वाक्यं ढकलाढकली करत येत होती. लिहिताना मी एकटीच खुर्चीत हसत होते.

भीती वाटली ती लिहून झाल्यावर. मानपत्र माणसाचा मान वाढवायला असतं. भर सभेत, त्यातून व्याह्यांसमोर, हा भला माणूस पुन्हा हसण्यावारी गेला तर? एकदा मी चुकून त्याची फजिती केली होती. आता ठरवून केली असती. मग पेठेत तोंड दाखवायला जागा राहिली नसती, आणि लिहिणंही बहुतेक सुटलं असतं.

शनिवारी फ्रेमवाल्याकडं गेले. माझी शंभरेक मानपत्रं या माणसानं काचेत बसवली असतील, पण वाचलेलं एकही नाही. तो काच बाजूला ठेवून दोन गिऱ्हाइकांना माझा कागद मोठ्यानं वाचून दाखवत होता. मी हाक मारली तर म्हणाला, “थांबा की वो, संपू द्या!” वाचायला लागणार म्हणून कागद मी सुटाच घेतला, फ्रेम रिकामीच.

रविवारी तालमीच्या हॉलमध्ये मात्र समारंभाच्या अध्यक्षांनी ऐन वेळी कागदावर नजर टाकली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “ताई, ही टिंगल हाय. पावण्यांम्होरं हे वाचनार? जुनंच वाचा.”

“जुनं वाचलं तर मी हितनं उठून जानार,” मावशी म्हणाल्या. विषय संपला.

मी माइक धरला. ‘आपण दीपस्तंभ नाही. आपण भल्या पहाटे रस्त्यात ओणवे होऊन शिव्या खाणारे गृहस्थ आहात.’ हॉल गप्प झाला. असला गप्पपणा मी माझ्या मानपत्राला कधी ऐकला नव्हता. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि गळक्या नळाच्या सुनेपर्यंत आले तेव्हा माझाच आवाज मला ऐकू येईना. ती सून तिसऱ्या रांगेत होती, उभी राहून हात वर करत होती. घागरीचं वाक्य आलं तशा बायका आधी हसल्या आणि मग मावशींकडं बघत राहिल्या.

फक्त चावीवाले हसत नव्हते. फेटा बांधलेली मान खाली घालून बसले होते. माझं वाचून झालं, टाळ्या थांबेनात, आणि त्यांनी माइकसाठी हात पुढं केला.

“एक चूक हाय,” ते म्हणाले. “मंगलाष्टकं चालू असताना मी गेलो असं लिवलंय. तसं न्हाय. अक्षता टाकल्या, मग गेलतो. लेकीवर अक्षता टाकल्याबिगर बाप जाईल व्हय?”

पुढच्या रांगेत त्यांच्या लेकीनं पदर तोंडाला लावला.

“बाकी समदं खरं हाय. तेवढं दुरुस्त करा आणि परत वाचा.”

चूक काढली म्हणून एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. चूक काढायला माणसाला ऐकावं लागतं. या माणसानं शब्दन्‌शब्द ऐकला होता! मी तिथंच पेनानं दुरुस्ती केली आणि परत वाचलं. जेवायला गेलेले लोक हातात ताटं घेऊन परत आले. कागलचे मास्तर खुर्चीतून ओरडले, “बाई, माझंही बदलून द्या!”

चावीवाल्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि शेवटी बोट ठेवलं. तिथं रिवाजाप्रमाणं ‘आपले स्नेहांकित’ एवढंच होतं.

“लिवनाऱ्याचं नाव कुठं हाय?”

“मानपत्रावर ते नसतं, काका.”

“ह्याच्यावर पायजे. लोकं इचारनार की.”

माझं नाव असलेला एकही कागद तोवर कुणी मागितला नव्हता. मावशींनी आधाराला रिकामी फ्रेम आडवी धरली. मी कागदाच्या तळाशी नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, म्हणून ते परत एकदा गिरवलं, लांबून वाचता येईल इतकं ठळक.