निष्ट गान्स डिष्ट

पुरती ओळख नसलेल्या माणसावर लिहितोय, माफ करा. म्युनिकमधल्या आमच्या जुन्या घराचे हाउसमाइस्टर, म्हणजे देखभाल बघणारे काका, माझ्या माळ्यावरच्या खोलीत यायचे, उतरत्या छताला पालथा हात लावायचे आणि माझ्याकडे बघत पुटपुटायचे, "निष्ट गान्स डिष्ट." जर्मनच्या वर्गात त्याचा अर्थ 'डोकं ठिकाणावर नाही' असा शिकवला होता. एकदा धीर करून विचारलं, "कोण, मी?"

ते खो खो हसले. "नाइन, तुम्ही नाही, छप्पर! डिष्ट नाही, म्हणजे फटी आहेत. आत लोकर भरू. तोवर खोली सोडा, मग या परत."

हसताना त्यांची नजर पलंगाच्या जागेवर होती. मला ते खटकलं, पण थंडीत अभ्यास होईना, म्हणून खोली सोडली.

वसंतात शेजारच्या बाईंकडून कळलं, खोली छान उबदार झाली आहे आणि तिथे हाउसमाइस्टर काकांचा भाचा राहतो.