तिसऱ्या खिडकीतला हात

फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होतो. "भाऊजी, हे गेले," वहिनी एवढंच म्हणाल्या. मागे कुणीतरी रडत होतं, त्या रडत नव्हत्या. विनायक सकाळी फुलं तोडायला मळ्यात गेला, दमला म्हणून बांधावर टेकला, तो उठलाच नाही. गळ्यात कॅमेरा होता म्हणे. मला त्याचं नवल वाटलं नाही. गळ्यात कॅमेरा नसलेला विनायक मला आठवतच नाही...

अमरावतीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावरचे. त्याचा बडनेऱ्याच्या बाजूला झेंडू-शेवंतीचा पिढीजात मळा. तेव्हा प्रवासी विमान आमच्याकडे उतरत नसे, डोक्यावरून मात्र विमानं दिवसभर जात. दिल्लीहून हैदराबादला, मुंबईहून कोलकात्याला. आम्हाला आभाळात पांढरी रेघ दिसायची, याला इंजिनं किती ते दिसायचं. पुढे त्याने हातभर लांब लेन्स घेतली आणि मळ्याचं काही खरं राहिलं नाही. निंदणाऱ्या बायाच ओरडायच्या, "भाऊ, तुमचं आलं पाहा!" की हा वाफ्याला लावलेलं पाणी तसंच सोडून मान वर. पाणी शेजाऱ्याच्या तुरीत. मी एकदा बोललो, तर म्हणाला, "शेवंती बुडाली तं पुन्हा लावता येते बे. विमान गेलं तं गेलं."

त्याचा एक नेम होता. विमानाच्या अंगावरचा नोंदणी क्रमांक वाचता आला, तरच तो फोटो. नाहीतर कितीही देखणा असो, तिथल्या तिथे पुसून टाकायचा. उंचावरच्या विमानांचं असलं काही वाचता येत नाही, म्हणून हा नागपूरला जाऊन विमानतळाच्या भिंतीबाहेर दिवस दिवस उन्हात उभा राहायचा. सोबत वहिनींनी दिलेली भाकरी आणि ठेचा. नागपूरला माझ्या मुलीच्या लग्नात मी मोठ्या विश्वासाने त्याला फोटो काढायला सांगितलं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला आणि नेमकी वरून घरघर आली. आमच्या अल्बममध्ये सगळे विधी आहेत, फक्त वरमाला नाही. त्या जागी निळं आभाळ आणि मधोमध विमान, नोंदणी क्रमांकासकट. आमच्या हिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं, तर हा तोंड वर करून म्हणतो, "वहिनी, लग्नं काय, रोजच लागतात."

असा हा माणूस स्वतः कधी विमानात बसला नाही. पैशाची अडचण नव्हती. लेक मुंबईला, ती दरवर्षी बोलवायची. वहिनींना फार हौस. "एकदा ह्यायच्या बाजूले बसून ढग पाह्याचे हायेत," असं त्या मला कितीदा म्हणाल्या असतील. आणि याचं ठरलेलं उत्तर, "विमानात बसलं का विमान दिसत नाई." दोघं मुंबईला जायची ती रेल्वेने, आणि वहिनी बडनेऱ्यापासून कल्याणपर्यंत गाल फुगवून.

मग आमच्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानं सुरू झाली. आता तरी हा बसेल असं आम्हाला वाटलं. याने काय करावं? तिकीट काढलं, एकट्या वहिनींचं! जागासुद्धा स्वतः निवडली, समोरून तिसरी खिडकी. धावपट्टीच्या टोकाला विमान वळतं तेव्हा ती बाजू कुंपणासमोर येते आणि ऊनही त्या बाजूला असतं, असा त्याचा हिशेब. "मी कुंपणाबाहेरच्या वावरात उभा राहीन. तू फक्त हात हालव." वहिनी चिडल्या, रडल्या, पण गेल्या. परत आल्यावर त्यांनी निक्षून सांगितलं, पुढच्या वेळी सोबत याल तरच मी जाईन. तेव्हा कुठे हा वरमला. "दिवाळीपर्यंतचा हंगाम सरू दे, मंग तुह्या बाजूले बसतो." दसऱ्याला त्याचा झेंडू उत्तम गेला. दिवाळी काही त्याने पाहिली नाही.

त्या दिवसाचा फोटो त्याने मोठा करून बैठकीत लावला होता. खिडक्यांची ओळ, तिसऱ्या खिडकीच्या काचेला टेकलेला एक पंजा. चेहरा काचेवरच्या उन्हात हरवलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला खुर्चीवरून उठवून दाखवायचा, "हे पाहा, मंडळी हात हालवून राह्यली!" सगळा नेम खिडकीवर धरलेला, त्यामुळे नोंदणी क्रमांक चौकटीत आलेलाच नाही. त्याच्याच नेमाने हा फोटो पुसायला हवा होता.

तेरवीनंतर पाहुणे पांगले. मी आणि वहिनी बैठकीत बसलो होतो. मी फोटोकडे पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"भाऊजी, तो हात माहा नाई."

मी फोटोवरून नजर काढून त्यांच्याकडे वळलो.

"माह्या बाजूले एक बाई होती, लहान पोरगी घेऊन. पोरगी खिडकीसाठी लय रडे. मंग देली तिले जागा. लेकरू रडून राह्यलं अन् आपण खिडकीत बसाचं, असं कसं जमन?"

"विनायकला सांगितलं नाही?"

"कावून सांगू? घरी आली तं हे फोटो घेऊन दारातच उभे. एवढा खूश माणूस मी लग्नाच्या दिवशीबी पाह्यला नव्हता."

बाजूला बसायचं राहून गेलं ते गेलंच, आणि आता उरलेला हा एक हात, तोही परक्या लेकराचा... वहिनी उठल्या. पदराने फोटोची काच पुसली. तिसऱ्या खिडकीपाशी जरा थांबल्या.

"पण मीच तिले सांगतलं होतं," त्या म्हणाल्या, "तिकडं वावरात काका उभे हायेत, त्यायले टाटा कर."