यमकाचा आंबा

माघातल्या मोहोराचा वास असा दबक्या पावलांनी येतो, की नाकाला कळण्याआधीच मन हळवं होऊन जातं. शिनोलीच्या पुढे, डोंगराकडे वळणाऱ्या रस्त्यावर यंदाही तो आला, आणि मी मात्र अपराध्यासारखी मान खाली घातली. कारण इथला हा आंबा मूळचा माझा. मी तो मातीत नव्हे, यमकात लावला होता!

याच वळणावर बऱ्याच वर्षांपूर्वी कोंडीबाला गोळी घातली. डोंगरातल्या माणसांच्या जमिनीसाठी भांडणारा तो तरणाबांड गडी पंचायत समितीच्या निवडणुकीचा अर्ज भरायला निघाला होता. मी तेव्हा नवखा शिक्षक. डोळे पुसत पुसत गाणं लिहिलं, 'वळणावरी आंबा, कोंडीबा म्हणे थांबा'. आणि यमक जुळल्यावर, खोटं कशाला बोलू, सुखावलोही. खरं तर तिथे होती बाभूळ. आणि तो शेवटी काय म्हणाला, हे ऐकायला तरी कोण होतं?

पुढे वर्तमानपत्रं रद्दीत गेली, खटला थंडावला. भातलावणीच्या बायांच्या ओठी गाणं तेवढं उरलं. वळणावर आंबा सापडेना, तेव्हा कुणीतरी बाभूळ तोडून तिथे रोपच लावलं. लोकस्मृती किती लबाड, आणि किती मायाळू!

आता गावकरी त्या झाडाखाली दगड बसवणार, त्यावर माझी ओळ कोरणार. कागदावरचं खोटं एक वेळ खोडता येईल, दगडावरचं कसं पुसणार? पाथरवट उद्या येणार म्हणून मी आजच कोंडीबाच्या पत्नीला, सखूबाईंना, गाठलं. त्या आंब्याखालीच टेकल्या होत्या. भोवती शाळेतली पोरं डबे खात होती. मी सगळं कबूल केलं आणि म्हटलं, ओळ बदलू या, यमक गेलं खड्ड्यात.

सखूबाई हसल्या. "थांबा काय ते म्हनले नसतील, गुरुजी. लई घाईचा मानूस." मग पोरांकडे बघत म्हणाल्या, "बाभूळच व्हती. तिच्याखालीच पडले व्हते. ह्यांच्या पाठीतलं काटं मीच काढलं न्हवं का! ते माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. पोरास्नी सावली ऱ्हाऊ द्या."

ओळ तशीच राहणार आहे. परतताना मोहोराचा वास वळणापर्यंत सोबत आला. मला मात्र एकेक काटा वेचणारा तो हात दिसत राहिला.